खोडलेला ‘त्यामुळे’

मालेगावहून रिसोडकडे निघालं की एक फाटा लागतो. त्या फाट्यावरून तीन किलोमीटर आत आमची शाळा आहे. मी तिथं सोळा वर्षांपासून आठवी ते दहावीला मराठी शिकवतो. घर वाशीमला, म्हणून रोजचं अपडाऊन. आधी बसनं जायचो, आता मोटारसायकलनं जातो.

आमच्याकडची पोरं बोलायला लागली की ऐकत राहावं. बाजारातली एखादी भांडणाची गोष्ट अशी सांगतील की आपणही तिथंच उभे होतो असं वाटतं. तीच पोरं वही उघडून परिच्छेद लिहायला बसली की त्यांची वाक्यं सुटी पडतात, बोलणं टाकलेल्या भावकीसारखी. नाहीतर मग सगळं काही ‘अन् मंग’नं जोडलेलं असतं. एका मुलानं लिहिलं होतं, ‘सकाळी उठलो अन् मंग वावरात गेलो अन् मंग आमचा बैल मेला अन् मंग मी शाळेत आलो.’ मी त्याला उभं केलं आणि विचारलं, “बैल मेला म्हणून शाळेत आलास, की बैल मेला तरी शाळेत आलास?”

तो विचार करून म्हणाला, “तरी आलो, सर. घरी सारे रडून राह्यले होते.”

“मग ते लिही की. ‘अन् मंग’नं मला फक्त आधी काय आणि नंतर काय एवढंच कळलं. तुझ्या घरी काय झालं असेल ते त्या ‘तरी’त आहे.”

दरवर्षी जूनमध्ये मी फळ्याच्या एका बाजूला शब्दांची यादी लिहायचो आणि ती महिनाभर पुसू द्यायचो नाही. म्हणून, त्यामुळे, कारण, तरीही, मात्र, याउलट, परिणामी. पोरांना सांगायचो, दोन गोष्टींत संबंध असेल तर तो लिहायचा. वाचणाऱ्यावर सोडायचा नाही. जो लिहीत नाही त्याला एक तर संबंध कळलेला नसतो, नाहीतर त्याला तो लपवायचा असतो. हे शेवटचं वाक्य मी वर्गात टाळी मिळवण्यासाठी म्हणावं तसं म्हणायचो. त्याचा अर्थ मला तेव्हा फारसा माहीत नव्हता.

शाळेत एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे. गावातल्या बुद्धविहाराच्या मागं त्यांचं घर. बायको दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला जायची, एकच मुलगी होती आणि ती आमच्याच शाळेत शिकत होती. मामा स्वतः सातवी शिकलेले, पण वाचायचा नाद भारी. कार्यालयात आलेलं प्रत्येक पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवण्याआधी ते एकदा उभ्या उभ्या वाचून काढायचे. अडलं की मला विचारायचे.

एकदा म्हणाले, “सर, हे ‘तथापि’ म्हंजे काय हो?”

“तरी पण.”

“मंग तसंच लिहाव ना. मी पाह्यलं, हा शब्द ज्या पत्रात येते ना, त्याच्या आधीचं सारं वाया जाते. आधी लिहितात तुमची मागणी योग्य हाये, अन् मंग तथापि.”

मी हसलो. सोळा वर्षांत इतकं नेमकं व्याकरण मला वर्गात कुणी सांगितलेलं नाही.

मी वर्गावर असलो की मामा कधी कधी दाराशी थांबायचे. घंटा द्यायची वेळ झालेली असायची, पण माझं वाक्य पूर्ण व्हायची वाट पाहायचे. त्यांची मुलगी तिसऱ्या बाकावर बसायची. बाप दाराशी दिसला की ती मान खाली घालायची, आणि ते मुद्दाम जास्त वेळ थांबायचे. ती चांगलं लिहायची. तिच्या वहीत ‘अन् मंग’ नसायचं.

ती दहावीत गेली त्या वर्षीच्या जुलैमधली गोष्ट. शाळा तपासायला दुसऱ्या दिवशी पथक येणार होतं. आमच्या मागच्या दोन वर्गांवर टिनपत्रे होते, जुने, खिळ्यांपाशी गंजलेले. चार दिवस झिमझिम चालू होती आणि नववीच्या वर्गात तीन ठिकाणी पाणी टपकत होतं. मधल्या सुट्टीनंतर मुख्याध्यापक व्हरांड्यात आले. मी तिथंच खांबाला टेकून वह्या तपासत होतो.

ते मामांना म्हणाले, “ताडपत्री घ्या अन् वर टाकून द्या.”

मामांनी वर पाहिलं. “सर, टिनं वले हायेत. उघाड पडू द्या, मंग चढतो.”

“उघाड कवा पडीन? उद्या पथक येऊन राह्यलं. वर्गात गळताना दाखवू काय त्यायले?”

“सकाळी लवकर येतो. सहाले.”

“आत्ता चढा, मामा. नाहीतर मले दुसरा माणूस पाहा लागीन.”

हे सगळं मी ऐकलं. माझ्या हातात लाल पेन होतं. मामा कोपऱ्यातली शिडी घेऊन आले. चपला काढून भिंतीशी नीट जोडून ठेवल्या. माझ्याकडे पाहून म्हणाले, “सर, तुमी शिडी धरा बरं जरा.”

मी वह्या खाली ठेवून शिडी धरली.

ते वर गेले. मी ताडपत्रीची घडी वर सरकवून दिली. खालून मला त्यांचे पाय घोट्यापर्यंत दिसत होते. दोन टोकांवर त्यांनी दगड ठेवले. तिसऱ्या टोकाकडं जाताना पत्रा वाजला. ओरडण्याचा वगैरे आवाज झाला नाही. ते व्हरांड्याच्या कडेला ओट्यावर पडले, माझ्यापासून चार हातांवर, आणि माझे दोन्ही हात अजून शिडीला होते.

पोरं वर्गांतून बाहेर आली. दहावीच्या वर्गातून त्यांची मुलगीही आली. तिनं गर्दीतून वाट काढली, खाली बसली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ती त्यांना काही विचारत नव्हती. फक्त त्यांच्या गालाला लागलेला चिखल पुन्हा पुन्हा पुसत होती.

गावातली जीप मिळाली. आधी वाशीमला नेलं, तिथून अकोल्याला न्यायला सांगितलं. मी सोबत होतो. पातूरच्या अलीकडेच मामा गेले. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, पण आता थांबून उपयोग नाही हे त्याच्याही लक्षात आलं, मग परत चालू केली.

चौथ्या दिवशी संस्थेचे सचिव शाळेत आले. वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलणं मऊ. कार्यालयात मुख्याध्यापक, ते आणि मी असे तिघंच. घटनेचा अहवाल वर शिक्षण कार्यालयात पाठवायचा होता आणि अक्षर माझं चांगलं, भाषाही माझ्याच विषयाची, म्हणून तो मी लिहावा असं ठरलं होतं. मी तो आदल्या दिवशी घरी लिहून आणला होता. त्यातला मुख्य भाग असा होता: ‘पथक येणार असल्यामुळे मुख्याध्यापकांनी शिपायास छतावर ताडपत्री टाकण्यास सांगितले. पत्रे ओले असल्याचे शिपायाने सांगितले, तरीही त्यास तत्काळ चढण्यास सांगण्यात आले. त्यामुळे तो छतावर गेला आणि पाय घसरून खाली पडला.’

सचिवांनी तो दोनदा वाचला. रागावले नाहीत. टेबलावरची शिसपेन्सिल घेतली आणि तीन शब्दांभोवती हलके गोल केले. ‘असल्यामुळे’, ‘तरीही’, ‘त्यामुळे’.

“सर, तुमचा हात चांगला चालते,” ते म्हणाले. “पन अहवाल म्हंजे निबंध नोहे.”

“काय चुकलं?”

“चुकलं काहीच नाही. जास्त जोडलं तुमी. वाक्य संपलं का टिंब द्या. जोडाचं काम वरचे लोक करतीन.”

मुख्याध्यापक खिडकीतून बाहेर पाहत होते. न वळताच म्हणाले, “सर, माह्ये दोन वर्स राह्यले.”

 सचिवांनी पेन्सिल जागेवर ठेवली. मग म्हणाले, “तुमच्या वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव या महिन्यात पाठवू म्हणतो.”

माझ्या नेमणुकीला शिक्षण खात्याची मान्यता आठ वर्षांपासून अडकली होती. ती नसेल तर नोकरी असूनही नसल्यासारखी. वाशीमला बायको होती, तिच्या पोटात तेव्हा सातवा महिना होता. अहवालाचं बोलणं आणि मान्यतेचं बोलणं, यांच्यामध्ये सचिवांनी जोडणारा एकही शब्द वापरला नव्हता. तो मी मनात घालून घेतला.

मी कोरा कागद ओढला आणि तिथंच लिहिलं: ‘त्या दिवशी शाळेची नियमित कामे सुरू होती. पाऊस झालेला होता.’ इथं मी थांबलो. पुढचं वाक्य जोडायला काहीतरी हवंच होतं.

“‘दरम्यान’ लिहा,” सचिव म्हणाले.

मी लिहिलं, ‘दरम्यान शिपाई छतावर गेले. त्यांचा तोल गेला. ते खाली पडले.’

त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. मी सही केली, प्रत्यक्षदर्शी म्हणून. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, काय झालं अहवालाचं. मी म्हटलं, दिला लिहून. ती म्हणाली, “बरं झालं, एकदाचं झालं.” तिला मी काय लिहिलं ते सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळी शाळा गेली होती. मामांच्या बायकोला सगळे मामी म्हणायचे. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “तुमी होते ना, सर, शेवटलोक त्याह्यच्या संगं. तुमचे उपकार.” मी हात जोडले. माझ्या शेजारी मुख्याध्यापक बसले होते, त्यांनीही जोडले.

नंतर मामींनी अर्ज केला. नवरा शाळेच्या कामावर असताना, शाळेच्या सांगण्यावरून चढला होता, म्हणून घरातल्या एकाला शाळेत नोकरीवर घ्यावं, असा. तो अर्ज मुलीनं लिहिला होता. माझ्याकडं तपासायला आणला नाही, दुसऱ्या कुणाकडं नेला हेही ठाऊक नाही. दिवाळीनंतर उत्तर आलं. मामी ते घेऊन शाळेच्या गेटवर आल्या, आत आल्या नाहीत. मला बोलावणं आलं तसा मी बाहेर गेलो.

“वाचून सांगा, सर. पोरीनं वाचलं, पन ते सांगत नाही मले नीट.”

मी वाचलं. प्राप्त अहवालावरून सदर कर्मचारी कोणाच्या आदेशाने छतावर गेले हे स्पष्ट होत नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

“सबब म्हंजे?”

“म्हणून.”

“कायच्यासाठी म्हून?” मामी म्हणाल्या. “त्याह्यले चढवलं ते तं साऱ्या शाळेनं पाह्यलं. मंग कोनी लिहिलं नाही काय?”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर चालला होता, सोयाबीनची पोती लादलेला. तो जाईपर्यंत बोलता आलं नाही. मी कागद त्यांच्या हातात परत दिला. त्या कागद घडी करून पदरात बांधत म्हणाल्या, “जाऊ द्या. तुमी कायले तोंड पाडता? तुमच्या हातात काय होतं?”

त्या असं म्हणाल्या आणि फाट्याकडं निघाल्या. मी पुन्हा वर्गावर गेलो. दहावीचाच तास होता.

त्या उत्तरासोबत अहवालाची छायाप्रत जोडलेली होती, हे मला गेटवर कळलं नव्हतं. मामींनी मला वरचा एकच कागद दाखवला होता. खालचा मुलीकडं होता.

आठवडाभरानं मी दहावीला परिच्छेदलेखन घेत होतो. परीक्षा जवळ आल्या की हा तास पुन्हा घ्यावा लागतो. फळ्यावर सहा सुटी वाक्यं लिहिली होती आणि त्यांचा एक परिच्छेद करायला सांगितला होता. पोरं माना घालून लिहीत होती. ती तिसऱ्या बाकावरून उठली आणि टेबलाजवळ आली. बाप गेल्यापासून ती वर्गात बोलायची नाही, म्हणून मला बरं वाटलं. तिनं वहीऐवजी एक कागद माझ्यासमोर ठेवला.

“सर, हे तुमचंच अक्षर हाये ना?”

कागद पाहिल्याबरोबर ओळखला. “हो.”

ती हळू बोलत होती. मागच्यांना ऐकू जाणार नाही इतपत. “मंग याले किती मार्क देसान तुमी?”

मी कागदावर नजर ठेवून बसलो. तोल गेला. खाली पडले. टिंब, टिंब. तिनं ‘दरम्यान’ खाली शाईनं एक रेघ मारली होती, मी चुकीच्या शब्दाखाली मारतो तशी.

“तुमी सांगतलं होतं,” ती म्हणाली, “दोन गोष्टींत संबंध असला तं लिहाव लागते म्हून.”

“बस जागेवर,” मी म्हणालो.

माझ्या तोंडून तेवढंच निघालं. काय म्हणायला हवं होतं याची निदान दहा उत्तरं मी नंतर तयार केली, मोटारसायकलवर, आंघोळ करताना, दुसऱ्यांच्या लग्नात जेवताना. त्या वेळी मात्र मी ‘बस जागेवर’ म्हणालो, आणि ती कागद उचलून जागेवर जाऊन बसली. तास संपेपर्यंत तिनं काही लिहिलं नाही. मीही फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो.

ती दहावी पास झाली. मराठीत तिला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते. निकालाच्या दिवशी गुणपत्रक घ्यायला ती आली नाही, तिचा चुलता घेऊन गेला. उन्हाळ्यात मायलेकी पुण्याकडं गेल्या. गावातल्या काही जणी आधीच तिकडं कंपनीत कामाला होत्या, त्यांच्याकडं. घराला कुलूप लागलं.

माझी मान्यता आली. सचिवांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी प्रस्ताव पाठवला होता, आणि तो मंजूरही झाला. मुलगा झाला. दोन वर्षांनी मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभाचं मानपत्र कोण लिहिणार, असा प्रश्नच आला नाही. मी लिहिलं. शिस्तप्रिय असूनही प्रेमळ. संस्थेवर निष्ठा होती, म्हणूनच प्रत्येक संकटात खंबीर. असं बरंच होतं त्यात. ते वाचून दाखवताना माझा आवाज कुठंही अडखळला नाही, याचं मला आज जास्त वाईट वाटतं. समारंभानंतर त्यांनी मला कडेला घेतलं आणि माझा हात हातात धरून ठेवला. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. पण फोटोवाल्यानं हाक मारली.

वर्गात मी तोच भाग दरवर्षी शिकवत राहिलो. फळ्यावरची यादी मात्र मी आता लिहीत नाही. पुस्तकात आहे, म्हणतो, तिथून पाहा. लपवण्याबद्दलचं ते वाक्यही म्हणत नाही. पोरांचं त्यानं काही अडलं नाही. गुण पूर्वीसारखेच पडतात.

गेल्या पावसाळ्यात मागच्या वर्गांत पुन्हा गळायला लागलं. आता शिपाई नवे आहेत, मुख्याध्यापकही नवे. मी व्हरांड्यातून चाललो होतो आणि मुख्याध्यापक शिपायाला सांगत होते, वर चढून पाहून घे जरा. शिपाई शिडी आणायला वळलासुद्धा. मी तिथंच थांबलो. खांबाला हात टेकला. मग मी म्हणालो, “सर, पत्रे ओले आहेत. आज नको.”

मुख्याध्यापकांनी वर पाहिलं. “हो का? बरं. राहू दे रे, उद्या पाह्यजो.”

आणि ते कार्यालयात निघून गेले.

एवढंच होतं ते. एक वाक्य लागत होतं, आणि मामा चढले त्या दिवशी मी लाल पेन घेऊन चार हातांवर उभा होतो. तोवर मी स्वतःला सांगत आलो होतो की माझा दोष त्या अहवालापुरता, माणूस गेल्यानंतरचा. आता तेही हातचं गेलं. मी वर्गावर गेलो नाही. प्रयोगशाळेच्या बंद खोलीत स्टुलावर बसून राहिलो, घंटा झाली तरी.

त्या आठवड्यात मी नवा अहवाल लिहिला. जुना मसुदा, पेन्सिलच्या गोलांसकट, माझ्याजवळ होताच. त्यातले तिन्ही शब्द जागेवर ठेवले, आणि मी स्वतः ते ऐकत होतो, शिडी मी धरली होती, आणि पहिला अहवाल मीच बदलला, हेही लिहिलं. रजा टाकून वाशीमच्या शिक्षण कार्यालयात गेलो. टेबलामागं एक तरुण बाई होत्या. त्यांनी अहवाल पूर्ण वाचला, हे मी मुद्दाम सांगतो. मग कपाटातून फाइल काढून जुन्या अहवालाशी ताडून पाहिला.

“सर, यात नवीन काय हाये?” त्या म्हणाल्या. “तारीख तेच, माणसं तेच, जागा तेच. फक्त जोडून लिहिलं तुमी.”

“तेवढंच नवीन आहे.”

“पयला कोनी लिहिला होता?”

“मीच.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, “हे तं तुमच्यावरच येईन, सर.”

“येऊ द्या.”

“येत बी नाही म्हना आता. लय जुनं झालं.” त्यांनी आवक शिक्का मारला आणि माझ्या प्रतीवर सही दिली. “ठेवते साहेबांपुढं.”

मी आठ-पंधरा दिवस वाट पाहिली, मग महिना. कुणी मला बोलावलं नाही. कुणी खुलासा मागितला नाही. संस्थेतूनही फोन आला नाही. मला वाटलं होतं निदान शिक्षा तरी होईल. ती झाली असती तर कुणाला तरी दोन गोष्टींतला संबंध दिसला असं मी धरून चाललो असतो.

शेवटी मामांच्या मुलीचा नंबर मी गावातल्या तिच्या चुलत्याकडून घेतला. रविवारी दुपारी, घरात कुणी नसताना, लावला.

“कोन?”

“मी सर बोलतो. शाळेतले. मराठीचे.”

 मागं भांड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “बोला.”

मी सांगितलं. नवा अहवाल दिलाय म्हणून सांगितलं, आणि तिनं विचारलं नसताना तो वाचूनही दाखवला. वाचताना ‘त्यामुळे’पाशी थांबावं लागलं. पाणी पिऊन उरलेलं वाचलं. तिनं मध्ये तोडलं नाही. आता ती बावीस-तेवीसची असेल. आवाजावरून ओळखू आली नसती.

“आता काहून, सर?” ती म्हणाली.

“कारण,” मी म्हणालो, आणि पुढं काही आलं नाही. सोळा वर्षं मुलांना हा शब्द लिहून पुढचं वाक्य पूर्ण करायला लावणारा मी, फोन कानाला लावून बसून राहिलो.

 ती म्हणाली, “त्याच्यानं काही होईन काय?”

“नाही वाटत.”

“मले बी नाही वाटत.”

“आईला सांगशील?”

“नाही.” हे तिनं लगेच म्हटलं. “माय आता झोपते तरी. चार वर्स झोपत नव्हती. तुमचं लय चांगलं बोलते ते, सर शेवटलोक संगं होते म्हून. तेवढं राहू द्या तिच्याजवळ.”

मी म्हटलं, बरं.

मग काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं, जुना अर्ज आईचा होता, म्हणून तिच्या पत्त्यावरही उत्तर येईल, मी गावाचाच पत्ता घातलाय, हवा तर बदलून देतो. ती म्हणाली, कुलूप हाये तिथं, येऊ द्या, पोस्टमन परत नेईन. आणि मला कामावर जाचं हाये, असं म्हणाली. रविवारी कसलं काम, हे मी विचारलं नाही.